बोटाला लागलेली पूड

फुलपाखराची पूड डोळ्यात गेली की माणूस आंधळा होतो, असं आमची आजी सांगायची. तिला तिच्या आजीनं सांगितलं असणार. वर आंबेनळी घाटातल्या वाड्यांपासून खाली महाडच्या बाजारपेठेपर्यंत आमच्या वयाचं ज्याला ज्याला विचाराल, तो हेच सांगेल. तर पोरांनो, डोळे जात नाहीत. चुरचुरतात थोडे, पाण्यानं धुतले की झालं. पण आजीचा धाक चांगला होता. त्यामुळे आम्ही फुलपाखरं चिमटीत धरायची सोडली, आणि ती पूड जिथली तिथे राहिली. ती किती कष्टानं तयार होते हे मला फार नंतर, मास्तरकी करायला लागल्यावर कळलं. शाळेत एक जुना सूक्ष्मदर्शक होता. त्याखाली मी बोटाला लागलेली ती पूड ठेवली, आणि पाहतो तर काय, पूड कुठली? सगळी पानं! लांबट, टोकाला दातेरी, एकसारखी घडवलेली.

त्यांना खवले म्हणतात. फुलपाखराच्या पंखाला स्वतःचा रंग बहुधा नसतोच. पंख म्हणजे आरपार दिसणारा पातळ पडदा आणि त्यातल्या शिरा, बस. नक्षी, ठिपके, डोळे, पट्टे, जे काही दिसतं ते सगळं त्या पडद्यावर बसवलेल्या खवल्यांचं. आणि बसवलेत कसे? आपल्या घरावर कौलं असतात ना, खालची ओळ आधी, वरच्या ओळीचं टोक तिच्यावर चढलेलं, अगदी तसे. एक खवला लांबीला मिलिमीटरच्या दहाव्या भागाएवढा, रुंदीला त्याच्या निम्मा. एका टोकाला बारीकसा देठ, आणि तो देठ पडद्यावरच्या खोबणीत खोचलेला. ओळीत एक आड एक दोन जातीचे खवले, तळाशी राहणारा एक आणि त्याला वरून झाकणारा दुसरा. एका चौरस मिलिमीटरमध्ये असे दोनशेपासून सहाशेपर्यंत मावतात. म्हणजे माझ्या अंगठ्याच्या नखाएवढ्या जागेत कमीत कमी वीस हजार. आता परसातल्या लिंबावर येतं त्या मोठ्या काळ्या-निळ्या फुलपाखराच्या चारही पंखांवर, तेही दोन्ही बाजूंनी, किती असतील याचा हिशोब तुम्ही करा. मी दमलो.

त्या फुलपाखराला नीलवंत म्हणतात, इंग्रजीत ब्लू मॉरमॉन. पंख पसरले की बारा ते पंधरा सेंटिमीटर. २०१५ साली महाराष्ट्रानं त्याला राज्य फुलपाखरू केलं. असं राज्याचं फुलपाखरू ठरवणारं आपलं पहिलंच राज्य. गंमत बघा, एवढा मान मिळाला तरी बाईसाहेब अंडं घालायला आपल्या न्हाणीच्या सांडपाण्यावर वाढलेल्या लिंबाकडेच येतात. लिंबू, पपनस, आणि रानात माकडलिंबू. आधी पायांनी पानावर टकटक करून बघतात, कारण त्यांची चव पायांत असते. पान लिंबाचंच आहे अशी खात्री पटली की एकेक अंडं. त्यातून निघालेली अळी लहानपणी हुबेहूब पाखराच्या शिटेसारखी दिसते, म्हणून कोणी तिला खात नाही. मोठी झाली की हिरवीगार होते, आणि बोट लावलंत तर मानेतून दोन मऊ शिंगं बाहेर काढून असा वास सोडते की पुन्हा बोट लावणार नाही. मग ती शेपटी फांदीला चिकटवते, कमरेला रेशमाचा दोरा बांधते आणि कोशात जाते.

इथून खरी गोष्ट सुरू होते.

कोशात पंख तयार होताना तो नुसता पेशींचा नाजूक पापुद्रा असतो. सगळ्या पेशी सारख्याच. मग त्यातल्या काही मोठ्या व्हायला लागतात आणि ओळीत उभ्या राहतात. रांगेत लागलेली प्रत्येक पेशी वरच्या बाजूला एक बारीक अंकुर काढते. अंकुर लांबतो, चपटा होतो, पानासारखा पसरतो. मग पेशी आपल्याभोवती कायटिन नावाच्या पदार्थाचं कवच घालते. खेकड्याची पाठ ज्याची असते, तोच हा पदार्थ. त्या कवचाच्या वरच्या अंगाला उभ्या धारा निघतात, धारांना जोडणाऱ्या आडव्या पट्ट्या, मध्ये बारीक झरोके. खालचं अंग मात्र सपाट. पुढे आत रंग भरला जातो. आणि एवढं सगळं झालं की ती पेशी मरून जाते. उरतं ते तिचं कवच, तोच खवला. एक पेशी, एक खवला. तुमच्या बोटाला मघाशी जी चिमूटभर पूड लागली, त्यात हजारो पेशींचं जन्मभराचं काम होतं.

"पण कोशाच्या आत काय चाललंय ते आजोबा, तुम्हाला कसं कळलं?" हे बरं विचारलंस गं. मला नाही, अमेरिकेतल्या एमआयटीच्या लोकांना कळलं. त्यांनी पेंटेड लेडी नावाचं फुलपाखरू घेतलं. ते आपल्याकडेही दिसतं. कोशाच्या कवचाचा इवलासा चौकोन काढून तिथे काच बसवली, आणि आतला जीव जिवंत ठेवून, खवले कसे उगवतात ते सलग टिपलं. २०२१ साली ते छापून आलं. तुम्हाला मात्र काचेची गरज नाही. लिंबावरचा कोश रोज बघत राहा. आत फिकट रंग आधी भरले जातात, काळा सगळ्यात शेवटी. काळा भरला की कोशाचं कवच जणू विरतं आणि घडी केलेल्या पंखाची नक्षी बाहेरून दिसते. तसं दिसलं की ओळखायचं, उद्या सकाळी बाहेर पडणार.

आता रंगाचं सांगतो. खवल्याला रंग दोन रीतींनी येतो. पहिली रीत साधी, आत रंगद्रव्य भरायचं. नीलवंताचा काळा हा मेलॅनिनचा, जे तुमच्या-माझ्या केसांत आहे. माझ्यातलं आता संपलं. आंब्यावरच्या बांडगुळावर अंडी घालणारं एक फुलपाखरू आहे, पंखांच्या खालच्या अंगाला पिवळा आणि लाल असा की त्याचं नावच हळदीकुंकू पडलंय. पण मला सगळ्यात आवडते ती पिवळ्या फुलपाखरांची कथा, कारण ती फिरत फिरत आपल्या मुंबईत येते.

पहिल्या पावसानंतर टाकळा उगवतो. आपण त्याची भाजी करतो, आणि आपल्याबरोबर पिवळ्या-पांढऱ्या फुलपाखरांच्या अळ्याही तो खातात. पाऊस ओसरला की हीच फुलपाखरं सावित्रीच्या नाहीतर काळ नदीच्या काठच्या ओल्या वाळूत घोळक्यानं बसलेली दिसतात. नर असतात ते, मातीतले क्षार शोषून घेतात. त्यांचा पिवळा आणि पांढरा रंग टेरिन नावाच्या द्रव्यांचा. खवल्याच्या झरोक्यांशी या द्रव्याचे बारीक मणी लगडलेले असतात. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी इंग्लंडमध्ये फ्रेडरिक गॉलंड हॉपकिन्स नावाच्या तरुणानं या रंगांवर काम केलं. त्याला वाटलं, हे युरिक ॲसिडच्या जातीचं आहे.

हसू नका! हो, तेच, लघवीतलं. शरीरातला टाकाऊ माल. तो अगदी बरोबर नव्हता, पण फार लांबही नव्हता. नातं आहेच. पुढे या हॉपकिन्सला १९२९ साली नोबेल मिळालं, जीवनसत्त्वांवरच्या कामासाठी. आणि जर्मन रसायनशास्त्रज्ञांनी बरीच वर्षं फुलपाखरांचे ढीगच्या ढीग पंख गोळा करून, १९४० च्या सुमारास त्या पिवळ्या रंगाच्या रेणूची रचना एकदाची सोडवली. दोन कडी जोडलेला, नायट्रोजनवाला एक सांगाडा निघाला.

आता ही गोष्ट इथेच ठेवा आणि मुंबईत चला. १९२८ साली ल्यूसी विल्स नावाच्या डॉक्टरीणबाई इंग्लंडहून मुंबईला आल्या. गरोदर बायकांना रक्त कमी होण्याचा एक आजार व्हायचा, त्यात माणूस दगावायचं. बऱ्याच बायका गिरणीतल्या. आपल्या महाड-पोलादपूरची माणसं तेव्हा गिरण्यांत पोट भरायला गेलेली होतीच, तेव्हा त्या बायका आपल्याला काही परक्या नव्हेत. बाईंनी खाणंपिणं तपासलं, उंदरांवर आणि माकडांवर प्रयोग केले, आणि शेवटी यीस्टच्या अर्कानं हा आजार बरा होतो असं दाखवलं. मार्माइट म्हणून एक काळपट चाटण मिळतं, तेच. १९३१ मध्ये त्यांनी ते प्रसिद्ध केलं. त्या अर्कात आहे तरी काय, हे मात्र कोणाला ठाऊक नव्हतं. ते शुद्ध स्वरूपात बनवलं १९४५ च्या सुमारास, अमेरिकेतल्या लेडर्ली प्रयोगशाळेत. तिथल्या संशोधनाचे प्रमुख होते आंध्रातल्या भीमावरमचे येल्लाप्रगडा सुब्बाराव. त्या द्रव्याचं नाव फॉलिक ॲसिड. आणि त्याचा रेणू उलगडला तर आत कोण बसलेलं? फुलपाखराच्या पंखात सापडलेला तोच दोन कड्यांचा सांगाडा.

तू पोटात होतास ना रे, तेव्हा आशाताई तुझ्या आईला गोळ्या आणून द्यायच्या, लोह आणि फॉलिक ॲसिडच्या. घ्यायला फार कुरकुर करायची ती. म्हणून म्हणतो, या रंगाचा आणि तुझा जुना संबंध आहे. लगेच फुलपाखरू खायला धावू नका, त्यानं रक्त वाढत नाही. टाकळ्याची भाजी खा.

दुसरी रीत जास्त चमत्कारिक. तिच्यात रंगद्रव्य नसतंच, म्हणजे त्या रंगाचं नसतं. आपल्या मागच्या माळावर, बैलगाडीच्या वाटेवर उन्हात पंख पसरून बसतं ते निळं फुलपाखरू पाहिलंय? पुढचे पंख काळपट, मागचे चकचकीत निळे, त्यांवर डोळे. ब्लू पॅन्सी. तो निळा कुटून काढायला गेलात तर हाताला निळं काही लागणार नाही. खवल्याचं जे खालचं सपाट अंग मघाशी सांगितलं, त्याची जाडी तिथे सुमारे दोनशे नॅनोमीटर असते, मिलिमीटरचा पाच हजारावा भाग. त्या पातळ पापुद्र्याच्या वरच्या आणि खालच्या अशा दोन्ही पृष्ठांवरून उजेड परततो. परतताना दोन्ही लाटा एकमेकींत मिसळतात, आणि जाडी इतकीच असल्यामुळे निळ्याच्या लाटा एकमेकींना जोर देतात, बाकीच्या मारल्या जातात. जाडी कमी असती तर सोनेरी दिसलं असतं. अमेरिकेतल्या संशोधकांनी पॅन्सीच्या कुळातली बरीच फुलपाखरं तपासली, त्यांत आपलं हेही होतं. तांबूस जातीतली जरा निळसर दिसणारी फुलपाखरं निवडून पिढ्यान्‌पिढ्या वाढवली तेव्हा ती निळी झाली, आणि मोजलं तर त्या पापुद्र्याची जाडी वाढलेली. रंग बदलायला नवं काही बनवावंच लागलं नाही.

दोन्ही रीती एकाच पंखावर बघायच्या असतील तर वरंधा घाटाच्या बाजूला कारवीच्या रानात जायला हवं. कारवीवर अळी वाढते ते सह्याद्रीतलं ओकलीफ. उडताना वरून निळा झळाळ मारतं, आणि झाडावर बसून पंख मिटले की संपलं! वाळकं पान. मधली शीर, तिला फुटलेल्या आडव्या शिरा, बुरशीचे ठिपके, सगळं. पडदा एकच, पण वरच्या अंगाच्या खवल्यांना एक काम आणि खालच्यांना दुसरं. मी त्याच्याकडे बघत उभा असताना ते मला दिसत नव्हतं, आणि शेजारच्या गुराख्याच्या पोरानं बोट दाखवलं तरी दिसलं नाही.

रंग झाला, पण नुसत्या रंगासाठी एवढे खवले कोण घालील? आपल्याकडचा पाऊस तुम्ही बघताच. वर महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पडतो, आणि आपण त्याच्या पायथ्याशी. मुसळधार लागली की फुलपाखरं पानाखाली बसतात, पण दोन सरींच्या मध्ये उडायचं तर थेंब लागणारच. माणसाला थेंबाचं काय एवढं, पण फुलपाखराच्या मानानं तो केवढा! कॉर्नेल विद्यापीठातल्या लोकांनी हे वेगवान कॅमेऱ्यानं पाहिलं. थेंब पंखावर आदळतो, पसरतो, आणि खवल्यांच्या उंचवट्यांमुळे त्याचे तुकडे होऊन उडून जातात. पंख ओला होत नाही, आणि थेंब फार वेळ टेकत नाही म्हणून अंगातली ऊबही कमी जाते.

ऊब फार महत्त्वाची. फुलपाखराचं अंग गार असलं तर ते उडूच शकत नाही. सकाळी ते पंख पसरून उन्हाला बसतं ते त्यासाठी. गडद खवले ऊन लवकर पितात. पण पंख इतका पातळ, की जास्त वेळ बसलं तर भाजायचा. न्यूयॉर्कच्या कोलंबिया आणि हार्वर्डच्या संशोधकांनी २०२० मध्ये दाखवलं की पंखात ऊन कळणाऱ्या जिवंत पेशी असतात आणि पंख तापला की फुलपाखरू चटकन कूस बदलतं. ज्या जागी जिवंत पेशी जास्त, तिथले खवले असे पोकळ घडवलेले की उष्णता बाहेर टाकतात. मी शिकवायचो तेव्हा पुस्तकात पंख म्हणजे मेलेला पडदा असंच होतं.

जिवंत पेशींच्या तशा जागा नरांच्या पंखांवर असतात, वासाच्या. हो, फुलपाखरू वास लावतं. नर लावतो, मादीला. खवल्यांतलेच काही त्यासाठी वेगळे असतात. श्रावण-भाद्रपदात रानात खुळखुळा फुलतो, तुम्ही त्याच्या शेंगा वाजवता तो. त्याच्या सुकलेल्या, तुटलेल्या फांदीवर ब्लू टायगर फुलपाखरं नुसती लगडलेली असतात. फूल सोडून वाळकी पानं चाटत बसतात. त्या झाडात एक विषारी, कडू द्रव्य असतं, ते घेऊन नर त्याचं अत्तर बनवतो. जो नर खुळखुळ्याला गेला नाही त्याला मादी विचारत नाही. लग्नाला निघालेल्या मुलाचा आहेर म्हणा, पण विषाचा! शिवाय ते विष अंगात असल्यामुळे पाखरंही त्याला तोंड लावत नाहीत.

आणि कोळी. पावसाळ्यात घाटात दोन झाडांच्या मध्ये हातभर मोठं पिवळसर जाळं दिसतं, मध्ये काळी-पिवळी लांब पायांची कोळीण. त्या जाळ्यात माशी गेली की अडकली. पण पतंग किंवा फुलपाखरू गेलं तर पुष्कळदा सुटतं. चिकट धाग्याला खवले चिकटतात, देठ खोबणीतून निघतो, आणि खवले जाळ्याला देऊन जीव पुढे जातो. टॉमस आयस्नर आणि त्याच्या सोबत्यांनी १९६४ मध्ये हे प्रयोग करून दाखवलं. देठ सैल असण्याचं कारण आता कळलं? तो घट्ट असता तर तुमच्या बोटाला पूड लागली नसती, आणि कोळिणीचं पोट भरलं असतं.

मात्र गेलेला खवला परत येत नाही. तो बनवणारी पेशी केव्हाच मेलेली. म्हणून पंख बघून फुलपाखराचं वय सांगता येतं. ताजं असेल तर मखमल, म्हातारं असेल तर फिकट, जागोजाग पडदा उघडा पडलेला, कडा फाटलेल्या. उडतं मात्र तेही.

"सगळेच खवले गेले तर?" तरी उडेल. एक पतंग तर मुद्दाम घालवतो. आपल्या मागच्या दारी अनंत आहे ना, त्याची पानं खाणारी हिरवी अळी, शेपटीला एक शिंग असलेली, ती त्याची. मातीत कोश करतो. बाहेर येतो तेव्हा पंखांवर खवले असतात. पहिल्यांदा उडताना पंख थरथरवतो आणि सगळी पूड झडून जाते. मग पंख काचेसारखे आरपार, आणि भरदिवसा फुलापुढे हवेत थांबून लांब सोंडेनं मध पितो. बघणाऱ्याला वाटतं, हा भुंगाच.

मग उगवतोच कशाला, असं विचारशील. त्याचे पूर्वज खवलेवाले पतंग. कोशातल्या पेशी अजून जुन्याच कामावर हजर होतात, रांगेत उभ्या राहतात, खवला घडवतात आणि मरतात. फक्त याच्या खवल्यांचे देठ जरा जास्तच सैल. अनंताची फुलं आता सरली आहेत, पण अळीला पानं पुरतात. कडा कुरतडलेली पानं दिसली तर खालची बाजू बघा, आणि हात लावू नका. अळीसाठी सांगतोय. आंधळं काही होत नाही.